खिडकीला हात लावायचा

हाडांच्या दवाखान्यातल्या वरच्या मजल्यावर तिला खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे तिला चलाबाई म्हणत. पेशंट म्हणत, नर्स म्हणत, लिफ्टवालाही म्हणे, आणि तिला ते आवडायचं. सकाळी कडक इस्त्रीचा पांढरा कोट घालून ती कॉरिडॉरच्या टोकाला उभी राहायची आणि "चला!" अशी आरोळी ठोकायची. आदल्या दिवशी नवा गुडघा बसवून घेतलेली भलीभली माणसं तेवढ्यावर पांघरूण डोक्यावरून ओढून झोपेचं सोंग घ्यायची. ते सोंग काही चालत नसे. पांघरूण ओढण्यात चलाबाईचा हात धरणारं त्या इमारतीत कोणी नव्हतं.

ती फिजिओथेरपिस्ट होती. ऑपरेशन डॉक्टर करत, पण माणसाला पुन्हा पायावर उभं करायचं काम तिचं. त्यासाठी तिने स्वतःची एक रीत काढली होती. एकाच दिवशी ऑपरेशन झालेल्या दोघांची ती जोडी लावायची. दोघांच्या हातात वॉकर द्यायचा आणि त्यांना एकदम कॉरिडॉरमध्ये सोडायचं. कॉरिडॉर जिथे संपतो तिथे एक मोठी खिडकी होती. जो आधी खिडकीच्या कट्ट्याला हात लावेल त्याच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. मागे राहील त्याला शिक्षा वगैरे काही नाही; दुसऱ्यासाठी वाजणाऱ्या टाळ्या त्याने मधेच उभं राहून ऐकायच्या, एवढंच. माणूस दुखण्यापेक्षा लाजेला जास्त घाबरतो, हे तिला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. तिचं तिलाच ते सापडलं होतं, आणि त्याचा तिला भारी अभिमान होता. खोटं कशाला बोला, बरेचजण त्या धाकाने चालूही लागायचे.

पण काहीजण अडायचे. दोन पावलं टाकायचे आणि म्हणायचे, "बाई, मांडी फार दुखते हो."

त्यावर चलाबाईचं एक ठरलेलं वाक्य होतं. "गुडघा बदललाय, मांडी नाही! मांडी तुमची जुनीच आहे, ती कशाला रडतेय?" की सगळा कॉरिडॉर हसायचा. ज्याची मांडी दुखत असे तोही ओशाळून हसायचा आणि ओठ घट्ट मिटून पुढचं पाऊल टाकायचा. चलाबाईला वाटायचं, बघा, लागली गाडी रुळावर.

तिचा कोट इतका कडक असायचा कारण तिची ताई इस्त्रीचं दुकान चालवायची. आई लवकर गेली, तेव्हापासून वेण्या घालण्यापासून ते परीक्षेला सोडायला जाण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं. दिवसभर टेबलाशी उभं राहायचं, जड इस्त्री फिरवायची, गठ्ठे उचलायचे. असं करता करता ताईच्या गुडघ्यांचं पार पीठ झालं होतं. तोंड मात्र शाबूत होतं. गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर बघून ताई त्याच्या घरातलं भांडण ओळखायची आणि त्याला तसं तोंडावर सांगायचीही. बोलण्यात तिला कोणी गप्प केलंय असं कधी झालं नव्हतं.

ऑपरेशनला ताई घाबरायची. चलाबाईने तिच्या मागे लकडा लावला, भावोजींना फितवलं, शेवटी ताई तयार झाली. मग चलाबाईने वशिला लावला. दवाखान्यात गुडघे बदलणारे दोन डॉक्टर होते. एक थोरले डॉक्टर, केस पिकलेले, हात सोन्याचा म्हणून नावाजलेले. दुसरे नवे, नुकतेच कुठूनसे शिकून आलेले. "माझ्या ताईला थोरल्यांशिवाय कोणी हात लावायचा नाही," असं चलाबाईने सगळ्यांना बजावलं. थोरल्या डॉक्टरांची तारीख भरलेली होती. तिने गोड बोलून, थोडं रुसून ती मिळवलीच. त्याच दिवशी नव्या डॉक्टरांनी एका निवृत्त बसड्रायव्हरचा गुडघा बदलला. म्हणजे ताईची जोडी ठरलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉरिडॉर नेहमीपेक्षा जास्त भरला. चलाबाईची सख्खी बहीण चालणार म्हणून रिकाम्या नर्सेसही येऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हरकाका पोट सांभाळत, वॉकर ढकलत निघाले. "पुढे सरका, पुढे सरका, मधे उभं राहू नका," असं ओरडत ते चांगले निम्म्यापर्यंत गेले. ताईने एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि तिचा पाय लटपटला. तिने वॉकर गच्च धरला.

"चल ताई, गुडघा सरळ. थांबायचं नाही."

"गुडघ्याचं काही नाही गं. वर मांडीत कळ येतेय. कोणीतरी पिळून ठेवल्यासारखी. पाय माझा वाटतच नाहीये."

चलाबाईने आपलं ठरलेलं वाक्य टाकलं. सगळे हसले. ताई हसली नाही. ती म्हणाली, "अगं खरंच. जरा बसू दे मला."

तिकडे ड्रायव्हरकाकांचा हात खिडकीला लागला आणि टाळ्या सुरू झाल्या. चलाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतक्या वर्षांत इतक्या लोकांना चालवलं, आणि सगळ्यांदेखत नाक कापलं ते सख्ख्या बहिणीने! हा विचार तिच्या मनात आला, आणि पुढे आयुष्यभर तिला आठवणार होता तो हाच विचार. बहिणीचा पाय नव्हे, स्वतःचं नाक.

"नाटक बंद कर, ताई," ती मोठ्याने म्हणाली. "भावोजी करत असतील तुझे लाड, इथे कोणी करणार नाही. हे एवढे मोठे काका पोचले, आणि तुला उभं राहवत नाही? काही वाटतं का?"

पुन्हा हशा पिकला, पण या वेळी जरा कमी. ड्रायव्हरकाकाही हसायला लागले होते, पण ताईच्या चेहऱ्याकडे बघून गप्प झाले. आता ताई काहीतरी सणसणीत ऐकवणार म्हणून चलाबाई तयारच होती.  पण ताईने मान खाली घातली, वॉकर हळूच वळवला आणि ती आपल्या खोलीत गेली.

त्यानंतरच्या सकाळी ताई स्वतःहून तयार होऊन बसली होती. केस विंचरलेले, वॉकर पुढ्यात. "चला" म्हणायच्या आधीच ती उठली. ती चालली, थांबली नाही, बोलली नाही. खालचा ओठ दातांत धरलेला होता आणि मानेवरून घामाची धार लागली होती. ड्रायव्हरकाका मुद्दाम मागे रेंगाळले, हे सगळ्यांना दिसत होतं, फक्त चलाबाईला दिसलं नाही. ताईने खिडकीच्या कट्ट्याला हात लावला आणि वळून धाकट्या बहिणीकडे बघितलं. सगळ्यात जोरात टाळ्या चलाबाईने वाजवल्या. "बघितलंत? ही माझी ताई! आता कुठे गेली मांडी?" ती ज्याला त्याला सांगत सुटली. तिची छाती अभिमानाने फुगली होती.

संध्याकाळी ती सहज ताईच्या खोलीत डोकावली. नर्स ताईचा गाऊन बदलत होती आणि तिला एकटीला जमत नव्हतं, म्हणून चलाबाईने ताईला कुशीवर धरलं. पांघरूण सरकलं. मांडीच्या अगदी वरच्या भागात, जांघेच्या जरा खाली, सगळीकडून फिरलेला एक रुंद पट्टा उमटला होता. मोज्याचं इलॅस्टिक घट्ट बसलं की पायावर वळ उठतो, तसा. पण हा हाताच्या पंजाएवढा रुंद, काळानिळा, आणि कडेला कातडीवर पाण्याचे फोड.

ताईने घाईघाईने पांघरूण ओढलं. "काही नाही गं ते."

चलाबाईने पांघरुणावरूनच तिथे हात ठेवला. ताईचा श्वास अडकला.

"दुखतंय, ताई?"

"छे. कुठे काय?"

 तो वळ कशाचा हे तिला कळायला कोणी सांगावं लागलं नाही. गुडघा उघडण्याआधी मांडीला एक रुंद पट्टा गुंडाळतात आणि ब्लडप्रेशर मोजायच्या पट्ट्यासारखी त्यात हवा भरतात. बराच जास्त दाब देतात, म्हणजे खाली रक्त उतरत नाही, डॉक्टरांना स्वच्छ दिसतं, नवा सांधा चिकटवायचं सिमेंट कोरड्या हाडाला धरतं. हे तिने शिकताना घोकलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, मार्क मिळवले होते. पण पट्टा ऑपरेशनच्या खोलीतच निघायचा. पेशंट तिच्याकडे यायचा तेव्हा गुडघ्यावर बँडेज असायचं आणि वर गाऊन असायचा. ती हात ठेवायची तो गुडघ्याच्या वर वीतभर. त्याच्याही वर काय आहे ते बघायला तिने कधी कापड सरकवलं नव्हतं. लोक जिथे बोट दाखवत होते, नेमकं तिथेच तिने बघितलं नव्हतं.

ती तशीच थोरल्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. ते चहा पीत बसले होते.

"पट्टा ना? लावतो की," ते म्हणाले. "सुरुवातीपासून टाके घालेपर्यंत. मला कोरडं लागतं काम करायला. का गं, बहिणीला वळ उठलाय? उठतो कधीकधी. कातडी नाजूक असली की फोडही येतात. मलम लाव."

"मांडी दुखते तिची."

"दुखणारच. एवढा वेळ स्नायू दाबून ठेवलाय, रक्त तोडलंय. थोडे दिवस दुखतो, ताकदही जाते त्याची. कोणाला फार होतं, कोणाला काहीच होत नाही. पुढे जातं सगळं."

"आणि नवे डॉक्टर?"

"तो नाही लावत. लावलाच तर सिमेंट बसेपर्यंत." डॉक्टरांनी कप खाली ठेवला. ते प्रामाणिक माणूस होते. "त्याचे पेशंट पहिल्या दिवसांत बरे चालतात, हे मलाही दिसतंय. पुढे जाऊन सगळे सारखेच होतात म्हणा. पण ते पहिले दिवस... मीही कमी करावा म्हणतोय आता. हाताची जुनी सवय, सुटत नाही पटकन." मग त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "पण हे तू मला काय विचारतेस? चालवतेस तू त्यांना. मांडी दुखते म्हणून तुलाच सांगत असतील ना सगळे?"

"हो," चलाबाई म्हणाली. "सांगतात."

बाहेर आल्यावर ती जिन्यात बसली, भिंतीकडे तोंड करून. कॉरिडॉरमध्ये मधेच उभं राहून दुसऱ्याच्या टाळ्या ऐकणारे चेहरे एकेक करून तिच्यासमोर यायला लागले. ती ग्रंथपालबाई, जिने हसता हसता पदराने डोळे पुसले होते. तो सोनार आजोबा, जो "माझंच चुकलं" म्हणाला होता. त्यातले सगळेच काही थोरल्या डॉक्टरांचे नसतील. पण बरेच होते. आणि ज्यांच्या मांडीला पट्टा लागला नव्हता त्यांना ती जिंकवत होती, शाबासकी देत होती, त्यांचं उदाहरण देऊन बाकीच्यांना लाजवत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक नर्स वर येताना दिसली तशी ती बुटाची नाडी बांधायला वाकली. नाडी सुटलेली नव्हती.

रात्रीच्या जेवणाची ताटं फिरायच्या आत ती ताईकडे गेली. आधी तिने खोलीचं दार लावून घेतलं.

"ताई, तुझी मांडी खरंच दुखत होती. ऑपरेशनला पट्टा बांधतात, त्याने. तू नाटक करत नव्हतीस."

"असेल बाई."

"मी चुकले."

"असू दे गं. तू रागावलीस म्हणून तर चालले ना मी." ताईने तिच्या कोटाची चुरगळलेली बाही हाताने सरळ केली. "कोणाकडून इस्त्री करून घेतलीस? काय अवतार केलाय कोटाचा. आणि ते सगळ्यांसमोर बोललीस ते मी विसरलेसुद्धा."

विसरली असती तर 'सगळ्यांसमोर' म्हणाली नसती. चलाबाईची नजर बंद दाराकडे गेली. अपमान केला भर कॉरिडॉरमध्ये, आणि माफी मागायला दार लावून घेतलं. तेव्हा तिने मनाशी ठरवलं, उद्या सकाळी सगळ्यांदेखत सांगायचं.

सकाळी ती कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन उभी राहिली. माणसं वॉकर धरून बाहेर आली, नर्सेस आल्या. ताई दाराशी उभी होती, केस विंचरून. चलाबाईने तोंड उघडलं. सगळे तिच्याकडे बघत होते. ज्यांना हसवायची तिला सवय होती तेच सगळे.

"आजपासून जोड्या नाहीत," ती म्हणाली. "ज्याने त्याने आपापल्या वेळाने चालायचं."

"अहो का पण?" ड्रायव्हरकाका म्हणाले. "मजा यायची की."

"कंटाळा आला मला."

एवढंच बोलून ती पुढच्या खोलीत शिरली. जोड्या बंद झाल्या, टाळ्या बंद झाल्या. ती आता प्रत्येकाला आधी विचारायची, "कुठे दुखतंय? दाखवा." नीट बघायची, हात लावायची, थोरल्या डॉक्टरांच्या पेशंटना जास्त दिवस द्यायची. बाई मवाळ झाल्या असं लोक म्हणत, कौतुकाने. त्या कौतुकाची तिला चीड यायची.

ताई घरी गेली. टाके निघाले, जखम भरली. चलाबाई रोज व्यायाम घ्यायला जायची, आणि रोज एकच गोष्ट घडायची.

"किती दुखतंय, ताई?"

"नाही दुखत."

"मांडी?"

"नाही गं."

पाय वाकवताना ताईचा चेहरा पांढरा पडायचा, पण तोंडातून हूं की चूं नाही. आता चलाबाईची खरी पंचाईत झाली. कुठवर वाकवायचं, कुठे थांबायचं, हे पेशंटच्या तोंडूनच कळतं. ते तोंडच बंद झालं तर सगळा अंधारात कारभार. एकदा सूज चढली, पाय गरम झाला, तरी ताई बरी आहे म्हणत राहिली. सुदैवाने त्यातून काही वाढलं नाही. पण पुढे एखादं दुखणं खरंच वाईट निघालं तर? तेही ही बाई ओठ दातांत धरून लपवणार, आणि चलाबाईला कळेल तेव्हा उशीर झालेला असेल. 

"मलाही सांगत नाही," भावोजी म्हणाले. "झोपेत कण्हते मात्र. विचारलं की म्हणते, स्वप्न पडलं असेल. तुमच्याशी बोलते का काही?"

चलाबाईने नकारार्थी मान हलवली. कशामुळे ते सांगायचं धाडस तिला इथेही झालं नाही.

ताई पुन्हा दुकानात जायला लागली होती. एका दुपारी काम लवकर आटोपलं म्हणून ती न सांगता दुकानाकडे गेली. रस्त्याच्या पलीकडूनच तिला ताई दिसली. स्टुलावर बसलेली, पाय समोरच्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलेला, इस्त्री बाजूला उभी करून दोन्ही हातांनी मांडी दाबत होती. समोर कोणीतरी गिऱ्हाईक उभं होतं, चलाबाईला अनोळखी. ताई त्याच्याशी बोलत होती, अगदी पूर्वीसारखी, हातवारे करून, तोंड वाकडं करून. चलाबाई रस्ता ओलांडून दुकानाच्या पायरीपाशी आली तेव्हा तिला शब्द ऐकू आले.

"...अजून ठणकते हो मांडी. आता कमी आहे, पण सुरुवातीला म्हणजे जीव नकोसा झाला होता. सांगू कोणाला?"

त्या परक्या माणसाला ती ते सांगत होती. सगळं, मोकळेपणाने. चलाबाई पायरीवरच थबकली. रोज विचारून विचारून जे तिला मिळत नव्हतं ते तिथे आल्यागेल्याला मिळत होतं.

तेवढ्यात ताईची नजर वर गेली. वाक्य अर्ध्यावर तुटलं. तिने पाय पटकन गठ्ठ्यावरून खाली घेतला, टेबलाला हात टेकला आणि ती उभी राहिली.

"अहो बसा ना," गिऱ्हाईक म्हणालं. "आत्ता तर म्हणत होता..."

"उगीच आपलं," ताई हसली. "बोलायला काहीतरी लागतं माणसाला. बरी आहे मी."

तिच्या मागे खुंटीवर चलाबाईचा कोट टांगलेला होता, कडक, पांढराशुभ्र. बाकीच्या गठ्ठ्यांच्या आधी केलेला, उभं राहून केलेला.

"ताई," चलाबाई म्हणाली, आणि या वेळी तिने मागे कोण उभं आहे ते बघितलं नाही. "तुझी मांडी दुखतेय. तेव्हाही दुखत होती. मी सगळ्यांसमोर तुला नाटकी म्हणाले, ते खोटं होतं. माझी लाज वाचवायला मी तुझी काढली. मी चुकले गं. बस ना खाली. पाया पडते तुझ्या, बस."

गिऱ्हाईक अवघडून शर्टाची घडी बघायला लागलं. ताईने तिच्याकडे बघितलं, मायेनेच बघितलं. वेण्या घालताना बघायची तसंच.

"वेडी कुठली," ती म्हणाली. "अगं, खरंच बरी आहे. हे बघ."

टेबलाला टेकलेला हात काढून ती निघाली. एक पाऊल, मग दुसरं, काठी न घेता. खालचा ओठ दातांत गेलेला. टेबलाला वळसा घालून ती दारापर्यंत आली, दाराच्या चौकटीला तिने हात लावला, आणि वळून धाकट्या बहिणीकडे बघितलं.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं चलाबाईला झालं. "बस ना, ताई," ती पुन्हा म्हणाली.

ताई बसली नाही. चौकटीवर हात तसाच ठेवून ती उभी राहिली, चलाबाईच्या हातांकडे बघत, टाळ्यांची वाट बघत.